न चुकणारी चांदणी

काकूंनी मला कधीच नावानं हाक मारली नाही. मी रहिमतपूरची, म्हणून मी रहिमतपूर. "ए रहिमतपूर, चहा गार व्हायला लागलाय." शेजारच्या खोलीतली मुलगी जतची, म्हणून ती जत. आमच्या आधी राहून गेलेल्या मुलींबद्दल त्या बोलायला लागल्या की नव्या माणसाला वाटावं, भूगोलाचा तास चाललाय. "कडेगाव हुशार, पर रडकी. आटपाडीला भूक लय. कोरेगावचं काय ते मला शेवटपतोर कळलंच न्हाई." एकदा धीर करून मी विचारलं, काकू, नावानं का हाक मारत नाही? त्या भाकरी थापत होत्या. थापायच्या थांबल्या नाहीत.

"नाव लग्नात बदलतंय. गाव कोण बदलतंय?"

मला त्यावर काहीतरी म्हणायचं होतं, पण मी म्हणाले नाही. साताऱ्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत गेल्यापासून माझं असं झालंय की वाक्य आधी इंग्रजीत जुळतं, मग मी ते मराठीत आणते, आणि तोवर समोरची माणसं पुढच्या विषयावर गेलेली असतात. काकू तर भाकरी उलटून पार चटणीवर गेल्या होत्या.

काकूंचं घर विश्रामबागेत, कॉलेजच्या मागच्या गल्लीत. खाली त्या एकट्या, वर मुलींच्या दोन खोल्या. एका खोलीला रस्त्याकडे उघडणारी खिडकी होती, दुसरीला नुसता झरोका. मी पहिल्यांदा बॅग घेऊन दारात उभी राहिले तेव्हा त्यांनी माझं घराणं, माझे वडील काय करतात, मी रात्री किती वाजता परत येणार, यातलं काही विचारलं नाही. एकच विचारलं.

"अर्ज कुठल्या विषयाला?"

"सायकॉलॉजी. एम. ए.ला."

"मानसशास्त्र!" त्या एकदम उठून उभ्याच राहिल्या. "मग आदी सांगायचं न्हाई व्हय? खिडकीची खोली तुजी." आणि किल्ली हातात देताना आवाज खाली आणून म्हणाल्या, "परीक्षेला मला न्यायचं. दुसऱ्या कुणाला बोलवायचं न्हाई. ठरलं?"

मी मान हलवली. आपण कशाला हो म्हटलं, ते मला संध्याकाळी, याच विभागात शिकणाऱ्या जतकडून कळलं.

मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेत प्रयोग करायला समोर एक माणूस लागतो. त्याला प्रयुक्त म्हणतात. बाकीच्या शास्त्रांत रसायनं आणि परीक्षानळ्या कॉलेज पुरवतं. आमच्यात माणूस ज्याचा त्यानं आणायचा. बी. ए.ला मी मामेबहिणीला नेलं होतं, आणि तिला अर्ध्या प्रयोगात घरी जायचं होतं. परीक्षेच्या दिवशी आवारात निम्मी मुलं वही चाळत असतात आणि निम्मी फोनवर ओरडत असतात, अरे कुठं आहेस, सुरू होतंय.

पुष्कळ वर्षांपूर्वी काकूंकडे राहणाऱ्या कडेगावच्या मुलीचा भाऊ असाच यायचा होता आणि त्याची एस.टी. चुकली. मुलगी जिन्यात बसून रडायला लागली. काकू पीठ मळत होत्या. "माणूसच पायजे ना? मग मी काय म्हैस हाय?" असं म्हणून त्या पिठाच्या हातांनीच निघाल्या. त्या दिवशी परीक्षेच्या खोलीत त्यांना नेमकं काय झालं ते मला माहीत नाही. मला वाटतं, कुणीतरी टेबलापलीकडे बसून, घड्याळ लावून, आपण काय करतो याकडे इतकं लक्ष देऊन बघितलं, एवढंच झालं असावं. पण हा माझा अंदाज आहे. त्या स्वतः इतकंच सांगायच्या, "भाईरनं आलेलं सर मला थँक्यू म्हनलं."

तेव्हापासून काकू दर परीक्षेला. त्या दिवसाची वेगळी इरकल साडी होती. मनगटावर घड्याळ, पर्समध्ये टोक काढलेल्या दोन पेन्सिली. पेन्सिल कॉलेज देतं असं मुलींनी सांगितलं तरी त्या आपल्याच न्यायच्या. आणि सगळ्यात मोठा घोटाळा म्हणजे त्या अभ्यास करून जायच्या.

आमच्यात आरशाचा एक प्रयोग असतो. कागदावर दुहेरी रेघांची चांदणी छापलेली असते. त्या दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवून चांदणी पुरी करायची. पण हात थेट दिसू नये म्हणून मध्ये पडदा असतो, आणि आरशात बघून गिरवावं लागतं. पहिल्यांदा सगळ्यांचाच हात भलतीकडे जातो. मग हळूहळू चुका कमी होतात. त्या कशा कमी होत गेल्या याचा आलेख काढायचा, म्हणजे माणूस शिकतो कसा ते दिसतं. काकूंनी घरी कपाटाच्या आरशासमोर, वर्षानुवर्षं, याचा सराव केला होता. त्यांची चांदणी पहिल्याच फेरीत, कुठं रेघेला न शिवता पुरी.

"काकूंना नेलं त्या सगळ्यांचे आलेख सपाट," जत म्हणाली. तिचं हसणं तळमजल्यापर्यंत जायचं. "आमच्याकडच्या माळावरच्या रस्त्यासारखे. चढ नाही, वळण नाही, शेळीसुद्धा आडवी येत नाही."

मुली हातापाया पडायच्या. काकू, पहिल्यांदा तरी चुका ना. काकूंच्या डोक्यात हे कधी शिरलंच नाही.

"परीक्षाबी म्हनायचं आन चुकाबी म्हनायचं. माज्या हातानं मी चुकू कशाला?"

पाठांतराच्या प्रयोगात अर्थ नसलेले शब्द देतात, म्हणजे आधीच्या ओळखीचा फायदा कुणाला मिळू नये. काकूंना त्या याद्या तोंडपाठ होत्या. सकाळी मी जिना उतरायची तेव्हा स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "गेब, फुम, टाझ, रिव, दोक." परातीवर थाप, आणि पुन्हा पहिल्यापासून. बाकीच्या घरांतून भूपाळी किंवा रेडिओ ऐकू यावा तसं. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, ही एखादी कानडी प्रार्थना असेल. मी आदरानं थांबायची.

आणखी एका प्रयोगात परीक्षार्थी एक शब्द म्हणतो आणि प्रयुक्तानं मनात येईल तो पहिला शब्द सांगायचा. काकूंची उत्तरं विभागात सगळ्यांना माहीत होती. "घर?" "जिना." "चंद्र?" "चतुर्थी." "पाणी?" "कवा येणार." उत्तर प्रश्नाच्या आधी आलं नाही एवढंच.

विभागप्रमुख मॅडमनी एकदा फतवा काढला, की एकच व्यक्ती दर वर्षी प्रयुक्त म्हणून चालणार नाही. त्या वर्षी काकू चष्मा लावून गेल्या. मॅडमनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मग खिडकीबाहेर पाहिलं. परीक्षक बाहेरून आलेले होते, त्यांना काय कळणार.

मी हे सगळं ऐकून घेतलं, पण माझी परीक्षा कुठं होती? माझा अजून प्रवेशच नव्हता. आणि प्रवेश नेमका कशाला घ्यायचा, हे त्या उन्हाळ्यात कुणालाच सांगता येत नव्हतं.

विभागाच्या बाहेर एक सूचनाफलक होता. त्यावर एक सूचना लागायची, दोन दिवसांनी तिच्यावरच दुसरी चिकटवलेली असायची, आणि ओल्या गोंदातून खालची अक्षरं वर दिसायची. जुना दोन वर्षांचा अभ्यासक्रम बंद होणार. नाही, चालू राहणार, पण नाव बदलणार. तीन वर्षांची पदवी असलेल्यांना दोन वर्षं, चार वर्षांची असलेल्यांना एक वर्ष. पण चार वर्षांवाले अजून तयारच झाले नव्हते. प्रवेश गुणांवर. प्रवेश चाचणीवर. ऑनलाइन अर्जात मला एक शाखा निवडायला सांगितली होती, जी या कॉलेजात नव्हती. आणि ती निवडल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नव्हता, म्हणून मी ती निवडली. खिडकीतल्या कारकुनाला काहीही विचारलं तरी तो एकच सांगायचा, "वरून पत्र आलेलं नाही." त्यात उद्धटपणा नव्हता. तोही बिचारा वर बघत बसला होता.

सगळ्यात जास्त फिरणारी गोष्ट अशी, की आमच्यासारख्या तीन वर्षांवाल्यांना यंदाच घेणार, पुढच्या वर्षी नाही. खरं खोटं कुणाला माहीत नव्हतं. पण माझ्या घरी ती गोष्ट खरी असण्याची गरजही नव्हती. बाबा सैन्यातून निवृत्त होऊन आता ऊस बघतात. माझ्या बाबतीत त्यांचं म्हणणं स्वच्छ होतं. "यंदा लागलं तर लागलं. नाहीतर साताऱ्यात बी. एड. आणि त्यात रडारड नको." ते रागावून बोलले नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की शिक्षिका होणं मला आवडेल. वर्गभर मुलांसमोर उभं राहून दिवसभर बोलायचं, या कल्पनेनं मला रात्री झोप लागत नव्हती, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. मी दर आठवड्याला रहिमतपूरहून गाडीनं सांगलीला यायची, फलक वाचायची, काकूंकडे राहायची, आणि घरी जाऊन सांगायची, अजून ठरलं नाही.

मग एक दिवस नवी सूचना लागली. विभागात पुण्याकडून एक नवे सर आले होते आणि प्रवेशाची पद्धत त्यांनी बदलली होती. लेखी चाचणी राहणारच. पण त्यासोबत प्रत्येक उमेदवारानं एक व्यक्ती सोबत आणायची, आणि समितीसमोर त्या व्यक्तीशी दहा मिनिटं संवाद साधायचा. नातेवाईक चालणार नाही. विभागाचे आजी-माजी विद्यार्थी चालणार नाहीत.

मी फलकासमोर उभी राहून सांगलीत माझ्या ओळखीची माणसं मोजायला लागले. लगेच संपली.

"मी हाय की!" काकू म्हणाल्या. त्या इतक्या खूश झाल्या की त्यांनी त्याच संध्याकाळी साडीला इस्त्री करून आणली.

जत मला गच्चीवर घेऊन गेली. "नेऊ नकोस," ती म्हणाली. पहिल्यांदाच ती हसत नव्हती. "अगं, ती बाई बोलणार नाही, उत्तरं देणार. संवाद साधा म्हणजे माणूस उलगडून दाखवा, असं त्या सरांना पाहिजे. काकू उलगडत नाहीत. काकू पाठ आहेत. तुझा आलेखसुद्धा सपाट येईल, आणि तू जाशील बी. एड.ला."

"मग कुणाला नेऊ?"

जतनं बोटांवर नावं मोजली. सगळी विभागातलीच निघाली.

त्यानंतर काकूंचा जीव मात्र टांगणीला लागला. रोज जिन्यात गाठून विचारायच्या, "पोर्शन काय हाय?"

"काकू, पोर्शन नाही. नुसतं बोलायचंय."

"कशावर?"

"कशावरही."

"कशावरबी म्हंजे? मग त्यात बरूबर काय आन चूक काय, कोण ठरवणार?"

मला ते माहीत नव्हतं. त्या चिडल्या. दुसऱ्या दिवशी इरकल नेसून स्वतः विभागात गेल्या, पोर्शन विचारायला. परत आल्या तेव्हा खूप गप्प होत्या. मी विचारलं, काय म्हणाला कारकून? "वरनं पत्र न्हाई," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातून गेब-फुम ऐकू आलं नाही. मला वाटलं, पोर्शन मिळाला नाही म्हणून असेल.

मीही माझी तयारी करत होते. प्रश्न मी इंग्रजीतच काढले होते. चांगले, मोकळे, ज्यांना नुसतं हो-नाही म्हणून चालणार नाही असे. आणि समिती 'हाच विषय का' असं नक्की विचारणार, म्हणून त्याचं उत्तरही तयार केलं होतं. ग्रामीण भागात मानसिक आरोग्याबद्दल जागरूकता, वगैरे. ते मी खिडकीशी उभी राहून मोठ्यानं म्हणायची. खिडकीच्या बरोबर खाली काकूंची मोरी.

मुलाखतीच्या दिवशी आम्ही रिक्षानं गेलो. घर इतकं जवळ होतं की रिक्षावाला हसला. काकू हसल्या नाहीत. इरकल, घड्याळ, चष्मा, पर्स. त्यांच्या ओठांवर घामाचे बारीक थेंब होते. इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदाच काही पाठ न करता त्या खोलीत जाणार होत्या.

आत विभागप्रमुख मॅडम, नवे सर, आणि आणखी एक बाई होत्या, ज्या कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. मॅडमनी काकूंना ओळखलं. "या," एवढंच म्हणाल्या. मधोमध दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या होत्या. टेबल नव्हतं. नवे सर फार मऊ आवाजात म्हणाले, "रिलॅक्स. फक्त गप्पा मारा. आम्ही इथं नाहीच असं समजा."

काकूंनी पर्समधून दोन्ही पेन्सिली काढल्या. 

मी माझा पहिला प्रश्न इंग्रजीतून मराठीत आणला. "काकू, तुमच्या आजवरच्या प्रवासाबद्दल सांगा ना."

काकूंनी माझ्याकडे काळजीनं बघितलं. "आत्ता रिक्षानं आलोय की दोघी."

कोण ते न कळलेल्या बाई हसल्या. माझे बाकीचे सगळे प्रश्न त्या हसण्याबरोबर गेले. मी आत शोधलं, इंग्रजीतही नव्हते.

मग काही झालं नाही. पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं आणि ती सुरू होत नव्हती. नव्या सरांनी पाय बदलला. जिल्ह्यातली सगळ्यात तयार प्रयुक्त माझ्यासमोर बसली होती आणि तिच्या तोंडून एक शब्द फुटत नव्हता. मला घाम आला होता हे खरं, पण गप्प बसण्याची मला भीती वाटत नाही. लग्नात, वर्गात, गाडीत, मी आयुष्यभर तेच करत आले आहे. गप्प बसले की मला माणसं नीट दिसतात. मला दिसलं की काकू हातातल्या पेन्सिली कुठं ठेवायच्या ते शोधतायत. डावीकडे बघत होत्या, उजवीकडे बघत होत्या. टेबल असतं तिथं त्या दर परीक्षेला पेन्सिली ओळीत ठेवत. आज टेबलच नव्हतं.

मी हात पुढे केला. काकूंनी दोन्ही पेन्सिली माझ्या तळहातावर ठेवल्या.

हात मोकळे झाल्यावर त्यांनी ते मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघतच बोलायला लागल्या.

"पाणी म्हनलं की मी 'कवा येणार' म्हनती." पाणी हा शब्द कुणीही म्हटलेला नव्हता. "पयल्यांदा कडेगावनं इचारलं, तवा खरंच तसं आलं हुतं मनात. नळाची वाट बगत हुते त्या दिवशी. ती हासली. मग मी तेच ठिवलं. पर आता तसं येत न्हाई. येतंय दुसरंच, सांगती आपली तेच."

मी खुर्ची थोडी पुढे ओढली.

"पुराच्या साली पोरी समद्या आपापल्या गावाला गेल्या. आमच्या गल्लीत पाणी न्हाई आलं. पर लाईट न्हाई, रस्तं बंद, नळ बंद. वरच्या खोल्या मोकळ्या. जिन्यावर कोन चढंना, कोन उतरंना. तवा मी ते शब्द म्हनत बसायची. गेब, फुम. मोठ्यांदा. देवाचं म्हनून बगितलं, पर देवाचं म्हनलं की रडू यायचं. ह्या शब्दांचं बरं हाय. त्यात कोन काय सांगत न्हाई. पर कोनतरी बोलतंय असं वाटतंय."

"मग?" मी विचारलं. दहा मिनिटांत माझ्या तोंडून निघालेला तो दुसरा प्रश्न.

"मग काय? आटपाडी आली गावासनं. दारातनंच वरडली, काकू, भूक लागलीय. मग मी गप झाले."

स्कूटर सुरू झाली आणि निघून गेली. मॅडम त्यांच्या कागदाकडे बघत होत्या. नव्या सरांनी पेन टेकवलं, उचललं, आणि मला म्हणाले, "तुम्ही मधे इतका वेळ एकही प्रश्न न विचारता थांबलात. हे ठरवून केलंत?"

"नाही सर. प्रश्न आठवले नाहीत."

त्यांनी बरंच काहीतरी लिहिलं. मला अजून कळलेलं नाही, काय. मग मॅडमनी तो अपेक्षित प्रश्न विचारला, की हाच विषय का घ्यायचा आहे. मी सुरू केलं, "ग्रामीण भागात मानसिक आरोग्याबद्दल जागरूकता—"

"हे पाठ हाय," काकू म्हणाल्या. हळू म्हणाल्या, पण खोली लहान होती. "रोज खिडकीत म्हनती."

तिघंही माझ्याकडे बघत होते. आणि मी भाषांतर न करता, मराठीत, म्हणाले, "मला असं काम पाहिजे ज्यात मला कमी बोलायला लागेल. दुसरं माणूस बोलेल आणि मी बसेन. तसं बसायला मला आवडतं. आणि मला ते जमेल असं वाटतं. दुसरं काही जमेल असं वाटत नाही."

नव्या सरांनी 'थँक्यू' म्हटलं. मला की काकूंना, ते त्यांच्या नजरेवरून कळलं नाही. बाहेर आल्यावर काकूंनी माझ्या हातातून पेन्सिली परत घेतल्या. "लय वाईट झालं," त्या म्हणाल्या. "एक शब्द धड आला न्हाई मला. तुजं नुसकान केलं मी." परत जाताना आम्ही चालत गेलो.

यादी लागली तेव्हा तिच्यावर अर्धी दुसरी सूचना चिकटवलेली होती. कारकुनानं तिचा कोपरा नखानं उचलून मला माझं नाव दाखवलं. नावापुढे 'तात्पुरता' असं लिहिलेलं होतं. माझा प्रवेश गप्प बसल्यामुळे झाला, खरं बोलल्यामुळे झाला, की लेखी चाचणीच्या गुणांवरच झाला, हे मला कुणी सांगितलं नाही. जतनं तिन्ही बाजूंनी वाद घालून पाहिला. बाबांना फोन केला.

"लागलं?"

"हो. तात्पुरतं."

"तात्पुरतं म्हणजे काय? लागलं की नाही लागलं?"

"बाबा, इथं सगळंच तात्पुरतं आहे. पण लागलं."

पलीकडे त्यांनी उसाच्या पाण्याची मोटार बंद केली. मग ते म्हणाले, "बरं. गादी पाठवतो मग."

पण वर्ग सुरू झाले आणि मला एक नवीच धास्ती लागली. नव्या अभ्यासक्रमात प्रात्यक्षिकाला बाहेरचा माणूस नव्हता. चाचण्या संगणकावर, आणि विद्यार्थ्यांनी एकमेकांचेच प्रयुक्त व्हायचं. जतची बॅच जुन्या पद्धतीची शेवटची. तिलाही या वेळी संगणकाच्या खोलीत बसवणार, असं ठरलं होतं. म्हणजे काकूंना आता कुणीच नेणार नव्हतं, आणि मी खिडकीच्या खोलीत राहत होते. हे त्यांना कसं सांगावं, याची वाक्यं मी पाऊस संपेपर्यंत जुळवत होते. दोन्ही भाषांत. शेवटी एकदा त्या तांदूळ निवडत होत्या तेव्हा मी म्हणाले, "काकू, परीक्षेचं जरा बदललंय."

"मला म्हाईत हाय." त्यांनी खडा काढून बाजूला ठेवला. "पोर्शन इचारायला गेले तवाच कारकुनानं सांगितलं. आता भाईरचं माणूस लागत न्हाई म्हनला."

म्हणजे मुलाखतीला येण्याआधी त्यांना ते माहीत होतं. तरी इरकल नेसून आल्या होत्या. मी तिथंच बसून राहिले. त्यांनी मला थोडे तांदूळ पुढे सरकवले.

त्याच महिन्यात विभागानं जुनी उपकरणं व्हरांड्यात काढून ठेवली. लाकडी चौकटी, घड्याळं, आणि आरशाची ती पेटी, पडद्यासकट. मी कारकुनाला विचारलं, हे नेलं तर चालेल का. त्यानं वर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "न्यायचं नाही असंही पत्र आलेलं नाही," तो म्हणाला आणि चहाला गेला.

पेटी मी काकूंच्या स्वयंपाकघरात नेली. चांदणीचे कागद होते, पिवळे पडलेले, भरपूर. त्यांनी लगेच हात पुसले, चष्मा लावला आणि पेन्सिली आणायला उठल्या.

"तुम्ही नाही," मी म्हणाले. "मी करणार. तुम्ही घड्याळ लावा."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. माझ्याकडे कुणी असं बघत राहिलेलं मला आवडत नाही, पण मी पाटावर बसले आणि पडद्याखाली हात घातला. काकू समोर बसल्या. पाठ ताठ, घड्याळ परातीला टेकवलेलं. एकदम त्यांचा आवाज बदलला. इतक्या वर्षांत समोरच्या मुलींचा ऐकलेला, परीक्षेतला, परका आवाज.

"प्रयुक्ताचं नाव?"

"रहिमतपूर," मी म्हणाले.

त्यांनी ते कागदाच्या डोक्यावर सावकाश लिहिलं. "सुरू करा."

आरशात माझी पेन्सिल दिसत होती. मी ती वर न्यायला गेले आणि ती खाली गेली. डावीकडे वळवली, ती रेघ ओलांडून पार कागदाच्या कडेला.

"चूक," काकू म्हणाल्या आणि खूण केली. "चूक. आवं, चूक." मग त्यांना राहवेना. परीक्षेतला आवाज सुटला. "लय चुकतीस गं! चुकत ऱ्हा, चुकत ऱ्हा. कागद लय हाईत."